एका चुलीवर जेवणारे

मी वकील नव्हतो, आणि नव्हतो म्हणूनच लोक माझ्याकडं येत. वकिलाकडं माणूस भांडण लागल्यावर जातो; माझ्याकडं ते लागू नये म्हणून येई. निजामाच्या राज्यात, आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (म्हातारी माणसं तेव्हाही धाराशिवच म्हणत), दुकानदारांना आणि कारागिरांना सरकारचे नवे नियम वाचून समजावून सांगायचे, एवढाच माझा धंदा. त्याला धड नाव नव्हतं. लोक मुन्शीजी म्हणत. माझी आई विचारणाऱ्याला सांगे, "तो कागद वाचतो." एवढ्यावर मुलगी कोण देणार? म्हणून माझ्या सोयरिकीच्या वेळी मामांनी "पोरगा कचेरीत आहे" असं ठोकून दिलं. अगदीच खोटं नव्हतं. कचेरीच्या ओट्यावर मी रोज बसत होतोच.

आता दिवाळी अंकासाठी "त्या काळातल्या कायद्यांवर लिहा" असा निरोप आला आहे. कायद्यांवर लिहिलं तर लोक चिवडा ठेवायला ते पान फाडतील, हे मला ठाऊक आहे. तेव्हा माणसांवर लिहितो. कायदे मधूनमधून येतील, तेवढे सहन करावेत.

आधी धंदा काय होता ते सांगतो. राज्याचा कारभार उर्दूत आणि गाव मराठीत. नवा नियम हैदराबादेत सरकारी जरीद्यात छापून येई. जरीदा म्हणजे आजचं राजपत्र. मोटारीनं तो तहसिलीत पोहोचे. त्यातली उर्दू अशी फारसीनं लदलेली, की तहसीलदारापुढं कागद मांडणारे पेशकारसाहेबसुद्धा वाक्याच्या मध्ये एकदा थांबून दम घेत. मग त्या नियमाची गावोगाव दवंडी होई. दवंडी देणाऱ्याचा काही दोष नव्हता. पाटील सांगे तेवढं तो ओरडे, आणि कचेरीतला शिपाई सांगे तेवढं पाटील सांगे. पण तोंडागणिक हुकूम आखूड होत जाई, आणि आखूड होताना नेमकी सवलत गळून पडे. शिक्षा तेवढी शाबूत राही. एकदा दवंडी पिटली गेली की तेलाच्या घाण्यावर कर बसला, न भरल्यास घाणा जप्त. ईट गावच्या एका तेल्यानं घाबरून बैल बाजारात उभा केला. मी जरीदा वाचला, तर तो कर इंजिनावर चालणाऱ्या घाण्यांचा होता. बैल परत घरी गेला. तेली मला म्हणाला, "मुन्शीजी, बैलाला बी सांगा की इंजिन न्हाईस म्हणून, त्याचं बी काळीज हललंय."

दवंडी आणि जरीदा यांच्यामध्ये जी फट होती, तिच्यावर माझं पोट चाललं. मी पेशकारांशी मैत्री ठेवली होती. ते चहा पिईपर्यंत जरीदा माझ्या हातात असे, म्हणून त्यांना चहा गरम आवडतो याचा मला फार आनंद होता. नंतर सायकलवर टांग टाकायची आणि बाजाराच्या दिवशी गावं गाठायची. कुणाच्या तरी दुकानाच्या ओट्यावर बसलं की माणसं जमत. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तर नियमांना ऊतच आला होता. साखर, रॉकेल, कापड, लोखंड, नोकराचे कामाचे तास, नोकराची सुट्टी. या बाजाराला सांगितलेला नियम पुढच्या बाजारापर्यंत बदललेला असे, आणि लोक माझ्याकडंच संशयानं पाहत, जणू मीच रात्रीतून तो फिरवला.

आठवड्याच्या सुट्टीचाच घोळ घ्या. दवंडी झाली की नोकरांना शुक्रवारी सुट्टी द्या. आमच्याकडचे बरेच व्यापारी लिंगायत, त्यांना सोमवार पवित्र. त्या दिवशी ते बैलालाही जू लावत नाहीत. "देवाचा सोमवार आन सरकारचा शुक्रवार, मंग धंदा कवा करायचा?" म्हणून सगळी पेठ माझ्यावर धावून आली. जरीद्यात फक्त एवढंच होतं, की सात दिवसांत एक दिवस सुट्टी. कोणता, ते मालकानं ठरवावं. शुक्रवार हा कचेरीचा सुट्टीचा दिवस, म्हणून शिपायानं आपल्या पदरचा घातला होता.

आणि तो कासार! बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आमची हद्द तिच्या अलीकडं संपे. मधे करोडगिरीचा नाका. तिकडून माल आणला की जकात भरायची. एका कासाराला मी नियम वाचून दाखवला, की अंगावर वापरात असलेल्या जिनसांना जकात माफ आहे. मला वाटलं, गडी नुसता ऐकतोय. पुढच्या खेपेला तो बायको, मेहुणी, दोन सुना आणि सासू अशी वऱ्हाडी मंडळी घेऊन बार्शीला गेला. येताना प्रत्येकीचे हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत बांगड्यांनी गच्च. नाक्यावरच्या जमादारानं गाडी थांबवली आणि बायामाणसं तहानलेली दिसली म्हणून भलेपणानं पाणी देऊ केलं. सासूबाईंनी तांब्या घेतला, पण तो तोंडाशी नेता येईना. कोपर वाकतच नव्हतं. शेवटी सुनेनं ताठ हातानंच पाजायला पाहिलं, तर पाणी सासूच्या नाकात गेलं. जमादार हसून हसून खाली बसला आणि गाडी सोडून दिली. पण त्यानं वर कळवलं असावं, कारण काही महिन्यांनी जरीद्यात दुरुस्ती आली: अंगावरचे जिन्नस रिवाजाइतकेच असावेत. कासार पुढं कित्येक वर्षं सांगत असे, "माझ्या सासूपायी सरकारनं कायदा बदलला." सासूविषयी अभिमानानं बोलणारा जावई मी तो एकच पाहिला.

पण मला सांगायचं आहे ते तेरखेड्याच्या मल्लाप्पाचं.

मल्लाप्पा दारूकाम करी. पिण्याची नव्हे, उडवायची दारू: भुईनळे, चंद्रज्योती, बाण, फटाके. लग्नात, उरुसात, जत्रेत त्याच्या मालाला मागणी असे. माणूस जातीनं लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की कानात कुजबुजला तरी शेजारच्या आळीला ऐकू जाई. त्याची बायको गंगव्वा कर्नाटकाच्या हद्दीवरची, बोलण्यात कानडी शब्द. मी दारात दिसलो की "बर्री मुन्शीजी", म्हणजे या, असं म्हणे आणि लगेच हात पुढं करी. हात काडेपेटीसाठी. खिशातली काडेपेटी आणि पायातल्या वहाणा बाहेरच्या कोनाड्यात ठेवल्याशिवाय त्या घरात सरकारी साहेबालाही प्रवेश नव्हता. एकदा मी काडेपेटी द्यायला विसरलो आणि आत गेल्यावर ती खिशात वाजली. गंगव्वानं मला अंगणात उन्हात उभं केलं आणि सगळे खिसे उलटे करायला लावले. मी तालुक्याला मान असलेला माणूस, पण मुकाट्यानं केले.

त्या घराचा एक रिवाज होता. दारूकामाच्या आवारात चूल एकच. अंगणाच्या पार टोकाला, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. तिथं कामाला असलेल्या कुणीही वेगळा विस्तव करायचा नाही. भाकरी नाही, चहा नाही, चिलीमही नाही. त्यामुळं कामावरची सगळी माणसं गंगव्वाच्या चुलीवरचंच जेवत. मग माणूस कुठल्याही जातीचा असो. भाऊबंदांनी यावरून कुरकूर केली, तेव्हा गंगव्वा म्हणाली होती, "दारूला जात कळत न्हाय, ठिणगी कळती." आणि एका चुलीवरचं खाणारा परका कसा राहील? म्हणून कामाला आलेल्याला दसऱ्याला पाटावर बसवून कापड द्यायचं आणि नात्यानं हाक मारायची, अशी रीत पडली होती. मल्लाप्पाचं म्हणणं साधं होतं. परका माणूस दारू जपून कुटेलच असं नाही, घरचा कुटतो.

या रीतीनं हुसेनबी त्याची मावशी झाली होती. तिचा नवरा भुईनळ्यांचा कारागीर, मल्लाप्पाच्या बापाच्या वेळेपासून तिथं कामाला. तो गेला, मूलबाळ नव्हतं, आणि हुसेनबी आवारातल्याच एका खोलीत राहिली. वाती वळायची, नळ्या भरायची, गंधक कुटायची. डाव्या हाताची दोन बोटं पूर्वी भाजून एकमेकांना चिकटलेली. मल्लाप्पा तिला मावशे म्हणे, ती त्याला मल्लू म्हणे, आणि गावासमोर त्याला मल्लू म्हणणारी ती एकटीच होती. पगार असा नव्हताच. जेवण, वर्षाला लुगडी, ईदेला वेगळं काही, दुखलंखुपलं तर औषध. मल्लाप्पाला कुणी विचारलं असतं की हिला रोज काय देतोस, तर त्याला ती शिवी वाटली असती.

तर एके दिवशी दवंडी झाली: दारूकामाला नवा परवाना, गावात कारखाना आढळल्यास कैद. कुठंतरी मोठा स्फोट झाला होता, त्यावरून सरकार जागं झालं होतं. मल्लाप्पानं माझ्याकडं माणूस पिटाळला. मी जरीदा वाचून तेरखेडं गाठलं, तर हा डोक्याला हात लावून बसलेला.

मी नियम सांगितला. मजूर ठेवून दारूकाम करायचं असेल तर गावाबाहेर लांब, दगडी भिंतींचं वेगळं बांधकाम हवं. मजुराला ठरलेला रोज, ठरलेले तास, आठवड्याची सुट्टी, आणि कामावर इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची. मल्लाप्पाचा चेहरा पडला. गावाबाहेर दगडी बांधकाम म्हणजे त्यानं धंदाच बंद करावा. मग मी दवंडीत न आलेलं कलम वाचलं. ज्या कारखान्यात फक्त घरचेच लोक, म्हणजे एका चुलीवर जेवणारे, काम करतात, त्यांना यातून सूट आहे. त्यांनी जुन्याच जागी काम करावं.

"मंग झालं की," मल्लाप्पा एकदम सावरून बसला. "हितं समदी घरचीच हायती. चूल बी एकच."

"मल्लाप्पा, साहेब तपासायला येणार आहे," मी म्हणालो. "बाकीचे गडी घरचे म्हणून खपतील. पण तो कपाळाचं भस्म बघेल आणि हुसेनबी मावशींना बघेल. खोटं बोललात असं त्याला वाटलं तर परवाना कायमचा जाईल. माझं ऐका, साहेब येईल त्या दिवशी त्यांना दुसरीकडं बसवा."

"खोटं काय त्यात? मावशीला मावशी म्हणायचं न्हाय व्हय?"

गंगव्वानंही मान हलवली. घरचं माणूस लपवून ठेवायचं तिला मुळीच पटलं नाही. या घरात कायद्याची भीती मला एकट्यालाच होती.

मी वहाणा घालत होतो, तेव्हा हुसेनबी कोनाड्यापाशी आली. पदरानं हात पुसत म्हणाली, "मुन्शीबाबा, त्या कागदात मल्लूसाठी काय हाय ते ऐकलं म्या. माझ्यासाठी काय हाय?"

माझ्या सगळ्या धंद्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी मालकांना वाचून दाखवत असे. ऐकायला तेच येत, माझ्या मेहनतान्याची धान्याची पायली तेच देत. मी ओट्यावर बसलो आणि तिला सगळं नीट सांगितलं. तुम्ही मजूर ठरलात तर रोज मिळेल, सुट्टी मिळेल, पुढं काही भाजलं तर भरपाई मिळेल. घरच्या ठरलात तर यातलं काही नाही. तिनं ते दोनदा सांगायला लावलं. "तुम्ही साहेबापुढं काय म्हणाल त्यावर आहे," मी म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

त्या "बरं"चा मला थांग लागेना. ती मजूर म्हणाली तर मल्लाप्पाचा धंदा बसणार. मावशी म्हणाली तर म्हातारपणी हाताशी येणारा हक्क तिचा तीच सोडून देणार. आणि या दोन्हींत चुकीचं असं मला काही दिसत नव्हतं. मल्लाप्पाला मी हे बोललो नाही. तो बापडा परवाना मिळाल्यासारखा खुशीत होता आणि पुढच्या उरुसाच्या बाणांची बोलणी करत होता.

साहेब आला. हैदराबादचा, पिकत्या केसांचा, हळू बोलणारा माणूस. गंगव्वानं त्याच्यापुढंही हात पसरला तेव्हा त्यानं काडेपेटी दिली, बूट काढले आणि म्हणाला, "बहुत खूब." माझं मन थोडं निवलं. त्यानं पाण्याच्या घागरी पाहिल्या, गंधक आणि सोरा वेगवेगळे ठेवलेत का ते पाहिलं. मग नळ्या भरत बसलेल्या हुसेनबीकडं बोट केलं.

"ये कौन हैं?"

"माझी मावशी," मल्लाप्पा म्हणाला.

"खाला हैं, सरकार," मी सांगितलं.

"इनकी?"

"जी."

साहेबानं मल्लाप्पाचं कपाळ पाहिलं, हुसेनबीच्या गळ्यातला ताईत पाहिला. "मुन्शीजी, आपकी उर्दू अच्छी है. जरा फिर से पूछिए."

मी फिरून विचारलं. मल्लाप्पानं तेच उत्तर दिलं, फक्त थोडं मोठ्यानं. म्हणजे आता ते चावडीपर्यंत गेलं असणार.

मी घाईघाईनं कलम म्हणून दाखवलं आणि एका चुलीचा रिवाज सांगितला. साहेबानं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. तो हुसेनबीच्या खोलीत गेला. वाकून कोपरे पाहिले, आढ्याला हात लावून पाहिला. काजळी नाही, राख नाही, शेणी नाहीत. मातीचा माठ, अंथरूण, एक पेटी. मग अंगणाच्या टोकाला जाऊन गंगव्वाची चूल पाहिली. शेजारी पालथी घातलेली ताटं पाहिली. परत आला आणि चौरंगावर बसला, हुसेनबीच्या समोर.

त्यानं जे केलं त्याबद्दल मला त्या माणसाविषयी आजही आदर वाटतो. त्यानं मल्लाप्पाला विचारलंच नाही. हुसेनबीला म्हणाला, "बडी बी, चूल एक आहे हे मी पाहिलं. पण नोकरसुद्धा मालकाच्या चुलीवर जेवतो. तुम्ही या घरच्या की इथल्या मजूर, हे तुम्हीच सांगा. मजूर असाल तर सरकार तुमच्या पाठीशी आहे. घाबरू नका." हे तो उर्दूत बोलला. मी मराठी करायला तोंड उघडलं, तर हुसेनबीनं हातानं मला थांबवलं.

मल्लाप्पाला आता कळलं. रोज, सुट्टी, भरपाई, हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं होतं, पण ते आपल्या मावशीविषयी आहे हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यानं तिच्या त्या चिकटलेल्या बोटांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"साहेब," हुसेनबी तिच्या घरच्या उर्दूत म्हणाली, "मजूर मेला तर तुमचा कायदा काय करतो?"

"कामावर जळून मेला तर त्याच्या वारसांना भरपाई."

"मला वारस न्हाय. आन तापानं मेले तर?"

"मग कायदा काही करत नाही, बडी बी."

ती मल्लाप्पाकडं वळली. "मंग तू सांग, मल्लू. सरकार बसलंय म्होरं. मी मेले तर खांदा कोण देणार? कबरीत कोण उतरवणार मला?"

मी त्या माणसाचा आवाज इतका लहान झालेला कधी ऐकला नव्हता. "मी देणार, मावशे."

"तुझ्या भाऊबंदांस्नी चालंल?"

"त्यांस्नी इचारतंय कोण? आमच्यात बी जाळत न्हाईत, मातीच देत्यात. मला ठावं हाय कसं करायचं."

तिनं हातातली नळी खाली ठेवली. मग साहेबाला म्हणाली, "लिवा साहेब. मावशी हाय मी." आणि साहेबानं दौतीत टाक बुडवल्यावर पुढं म्हणाली, "आन आजपासनं जुम्म्याला मी कामाला बसणार न्हाय. गंधक बी ह्योच कुटंल. मावशी म्हणून कुणी गंधक कुटायला बसवतं व्हय?"

"हे कायद्यात नाही, बडी बी," साहेब हसू दाबत म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. ते आमचं आमी घरात बघू."

गंगव्वा तोंडाला पदर लावून हसत होती. पुढच्या बाजाराला मी गेलो, तेव्हा दस्तुरखुद्द मल्लाप्पा खलबत्ता घेऊन बसला होता, नाकाला फडकं बांधून, शिंकत. हुसेनबी ओट्यावर बसून त्याला चुका सांगत होती. शुक्रवार होता. परवाना जुन्याच जागी मिळाला होता. त्या दिवशी मी धान्याची पायली घेतली नाही, म्हणून गंगव्वानं भुईनळ्यांची पुडी माझ्या सायकलला बांधून दिली.

पुढची वर्षं वाईट आली. रझाकारांच्या काळात हिंदू घरं रात्र रात्र जागत होती. मग पोलीस अॅक्शन झाली, राज्य गेलं, आणि भीती एका आळीतून उठून दुसऱ्या आळीत राहायला गेली. जरीदा बंद पडला. ज्या उर्दूवर मी मिरवत होतो ती रस्त्यात मोठ्यानं बोलायचीही सोय राहिली नाही. तेरखेड्यातली मुसलमान घरं कुलूप लावून नातेवाइकांकडं निघून गेली. हुसेनबीला न्यायला तिच्या नवऱ्याकडचे कुणी दूरचे लोक आले होते. ती गेली नाही. "भाच्याच्या घरी हाय की मी," म्हणाली.

त्याच दिवसांत ती तापानं गेली. मी नव्या कचेरीतून काही मराठी पत्रकं मिळतात का पाहायला त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा कळलं. जाऊन पाहतो तर म्हातारा मुजावर आणि त्याची बायको एवढीच दोघं त्यांच्यातली गावात उरली होती. मुजावराच्या बायकोनं तिला आंघोळ घातली, गंगव्वानं पाणी तापवून दिलं. गंगव्वा रडत नव्हती, फक्त एकेक गोष्ट करत होती.

कबरस्तान गावाच्या दुसऱ्या टोकाला. चावडीवरून जावं लागे आणि चावडीवर माणसं बसलेली होती. जनाजा उचलला तेव्हा पुढं मल्लाप्पा, त्याच्या बरोबरीला त्याच्या कामावरचा एक गडी, मागं आणखी एक गडी आणि मी. मला भीती वाटत होती, हे कबूल करायला हवं. चावडीपाशी आलो तसा एक जण उठून म्हणाला, "मल्लाप्पा, दिवस कसले हायती, कळतंय का काय तुला?"

मल्लाप्पा थांबला नाही. त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मावशी गेलीया माझी. खांदा द्या न्हायतर वाट द्या."

तो माणूस बाजूला सरला. दोघं-तिघं उठून उभे राहिले. त्यातला एक, ज्याची मुलगी हुसेनबीच्या चंद्रज्योतींच्या उजेडात सासरी गेली होती, तो आला आणि माझ्या खांद्यावरचा दांडा त्यानं आपल्या खांद्यावर घेतला. मी चालत राहिलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

खड्डा तयार होता. मल्लाप्पा स्वतः आत उतरला, तिला हळूच खाली घेतलं, मुजावर सांगेल तसं तोंड वळवलं आणि वर आला. मुजावराला दिसत कमी होतं. त्यानं डोळे बारीक करून आम्हा सगळ्यांकडं पाहिलं आणि रीतीप्रमाणं विचारलं, "मय्यतचा वारस कोण आहे?"

"मी," मल्लाप्पा म्हणाला. "भाचा."

मुजावर एक पाऊल जवळ आला. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं, सदऱ्याच्या गळ्यातून लिंगाची पेटी बाहेर आली होती. आयुष्यभर नियम वाचणारा माणूस मी, मला वाटलं, हा आता आणखी काय विचारतो.

म्हाताऱ्यानं त्याच्या दंडाला धरलं आणि कबरीच्या उशाशी आणलं. "मग पहिली माती तुमची," तो म्हणाला.

मल्लाप्पानं वाकून मूठभर माती उचलली.